नरेशची बातमी

महिना होत आला, तरी एका जागी बसवत नाही. नरेश गेल्याचा फोन वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने केला, तेव्हा मी पनवेलच्या आमच्या ऑफिसात टँकरची बातमी लिहीत होते. "ताई, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. मी टँकरची बातमी पुरी केली. का, ते विचारू नका; हातच थांबेनात.

नरेश आमच्या स्थानिक बातम्यांच्या वेबसाइटचा संपादक. दिवसभर पनवेल-उरण पालथं घालायचा आणि उरलेला वेळ कोडिंग. साइटचं बॅकएंड, म्हणजे बातमी लिहायची, तपासायची, लावायची, लागली की वाचकांच्या फोनवर सूचना धाडायची तो पडद्यामागचा सगळा कारभार, त्याने स्वतः रचला आणि ओपन सोर्स करून टाकला. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. मी चिडायचे. "अरे, धड पत्रकार हो, नाहीतर धड प्रोग्रामर!" तो हसून पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. एकदा मात्र त्याने घाईत जासईच्या एका काकांच्या निधनाची बातमी लावली. नाव तेच, माणूस दुसरा. काका स्वतः ऑफिसात हजर! "मी मेलो म्हनून माजी पोर सासरहून रडत आली. तिला काय सांगू?" नरेशचा चेहरा उतरला. जासईला जाऊन त्याने त्या मुलीची माफी मागितली आणि प्रोग्राममध्ये नियमच घातला: निधनाची बातमी एकाने लिहायची, दुसऱ्याने घरच्यांना विचारून आपल्या लॉगिनमधून होकार द्यायचा. त्याशिवाय ती बाहेर जाणारच नाही. आमच्यात तो दुसरा म्हणजे नरेशच.

त्यामुळे त्याची बातमी मी लिहिली आणि ती अडकली. हाच प्रोग्राम वापरणारे साताऱ्याकडचे एक संपादक फोनवर म्हणाले, "मॅडम, ती अट काढून टाका. कशी ते सांगतो." माझा असा भडका उडाला! त्याच्याच बातमीसाठी त्याचंच कोड मोडायचं? आणि खरं सांगू, ती अडकली याचं मला बरंही वाटत होतं... तोवर तो गेलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सुकापूरला त्यांच्या घरी गेले, तर वहिनींनीच विचारलं, "सगल्यांच्या बातम्या लावता, ह्यांची का नाय लावली?" मी अडचण सांगितली. "घरच्यांनाच इचारायचं ना? मंग इचारा मला." मला विचारता येईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "हाय, खरी हाय."

मी लॅपटॉपवर त्यांच्या नावाने नवं लॉगिन उघडलं. वहिनींनी बातमी सावकाश वाचली. "निस्तं पत्रकार लिवलंय. प्रोग्रामर पन लिवा. जेवताना पन ते कोडच चाललेलं असायचं." मी शब्द घातला. त्यांनी बटण दाबलं.

टीव्हीशेजारी नरेशचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला.

वहिनींनी तिकडे पाहिलं नाही. "त्यांनाबी गेली," म्हणाल्या.