दीड तासाचा भात

पुणे ते नागपूर विमानाने दीड तास लागतो, हे मी आईला सांगायला नको होतं.

पुण्याला नोकरी लागल्यापासून मी गावी, पवनीला यायचो तो रेल्वेने, नाहीतर रात्रभराच्या बसने. घरी पोचेपर्यंत अर्धी सुट्टी संपलेली! यंदा पहिल्यांदाच विमानाचं तिकीट काढलं आणि फोनवर जरा शान मारली.

"दीड तास?" आई म्हणाली. "एवढ्यात तर आपली एसटी भंडाऱ्याले पोचते! मंग तू भंडाऱ्यातच राहतेस म्हण ना!"

तिचा आनंद ऐकून पुढचं सांगायचं राहूनच गेलं. (विमान पवनीला उतरत नाही, हे वेगळं सांगावं लागतं, याची मला कल्पना नव्हती.)

आमच्या घरी नव्या तांदळाचा पहिला भात सगळे मिळून खातात. जो वाटेत आहे त्याची वाट पाहायची, आणि भात वाफाळताच हवा. नोकरी लागल्यापासून माझा हा घास दरवर्षी चुकत होता. आई माझं रिकामं ताट मांडून ठेवते, असं काका सांगायचे.

या वेळी मी सकाळीच फोन केला, "आई, विमानात बसलो गं!" आणि फोन बंद केला. तिकडे आईने अंदाजाने भात चढवला. इकडे विमान दार लावून जागच्या जागी उभं!

नागपूरला उतरून फोन सुरू केला, तर काकांचा आवाज.

"कुठी आहेस बे?"

"नागपूरले उतरलो, काका."

"उतरलास तर दिसून काहून नाही राहिला?"

"बॅग यायची आहे अजून."

"बॅग मागून येते? मंग तू कायले पुढं आलास?"

आईने फोन ओढून घेतला. "भात गार झाला रे. दुसरा मांडू का?"

"मांड! निघालोच!" मी म्हणालो. (निघालो होतो, पण बॅगेच्या पट्ट्यापर्यंतच.)

बसस्टँडवर पोचलो, तर पवनीची बस नुकतीच गेलेली. पुढची मिळाली, ती उमरेडला चहासाठी थांबली. पुन्हा फोन.

"तिसरा मांडू का?" आईने विचारलं.

मागून बाबांचा निकाल ऐकू आला, "कोणी खाल्ला नाही तोवर तिसरा बी पहिलाच!"

त्यामागून काका ओरडले, "तू येतेस का मीच येऊ पुण्याले जेवाले? दीडच तास लागते म्हणे!"

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सगळे उपाशी, ताटं मांडलेली. आईने माझ्या ताटात पहिला भात वाढला. नव्या तांदळाच्या वाफेचा वास आला आणि पुण्यातली सगळी जेवणं मला फिकी वाटली. काकांनी तर दोनदा मागून घेतला.

"परत कधी?" आईने हळूच विचारलं.

"उद्या दुपारचं विमान आहे. सकाळीच निघावं लागते."

तिने माझ्या भातावर अजून तूप वाढलं. मग म्हणाली, "येताना एवढा उशीर केलास, बापू. आता जाताना बी तेवढाच करजो."

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, पण थाप सुचली ती एवढीच: भात फार गरम आहे म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सांगून टाकलं.

तोवर तोही गार झाला होता!