रुपेरी ढालींचे बुणगे

लंडनजवळच्या पिनरच्या चर्चहॉलमध्ये दर रविवारी शिशाच्या सैनिकांची लढाई मांडणाऱ्या या गृहस्थांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. अंगात ओव्हरकोट, टेबलाभोवती घिरट्या आणि तोंडी सतत "म्हणजे बघा". सिकंदराचं निवडक पायदळ, ते रुपेरी ढालींचे साठीतले म्हातारे, त्यांनी स्वतः रंगवले होते. कधी न हरलेल्या या पठ्ठ्यांनी इतिहासात शेवटी आपलाच सेनापती शत्रूच्या हवाली केला, कारण शत्रूनं त्यांच्या पिछाडीच्या गाड्या पळवल्या होत्या. आमच्या या खेळाच्या क्लबातले इंग्रज त्या गाड्यांना 'बॅगेज' म्हणत. हे मात्र लष्करामागून चालणाऱ्या बिनलढाऊ माणसांचा जुना मराठी शब्द काढून 'बुणगे' म्हणत, आणि त्यांत शिशाची बायकापोरंही बसवत.

"या खेपेला सेनापती वाचवणार, म्हणजे बघाच," ते म्हणाले. वर्षभर त्यांना तोच ध्यास होता.

त्या रविवारी शत्रूची बाजू माझ्याकडे होती, आणि मला खोडी सुचली. ते उजवीकडे जिंकत असताना मी डावीकडून घोडदळ नेऊन गाड्या धरल्या. आता नियमाप्रमाणे एक तर सेनापती द्यायचा, नाहीतर गाड्यांवर पाणी सोडायचं.

"अहो, सामान गेलं तर जाऊ द्या की," मी चिडवलं. "जिंकताय तुम्ही."

"सामान कसलं? माणसं आहेत त्यात."

त्यांनी सेनापती उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मग एकेक बाई, एकेक पोर रुमालात गुंडाळलं आणि खुर्ची ओढून चक्क बसले.

मी मात्र जिंकून मिळवलेला सेनापती मुठीत धरून टेबलाभोवती फिरत राहिलो.