गाण्यातल्या माणसाची बॅग कोणी भरली?

मी कराडहून निघाले त्या सकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग खांद्यावर घेतली आणि एसटी स्टँडचा सरळ रस्ता सोडून मला मागच्या गल्लीने नेलं. गटार, उकिरडा, अंगावर येणारी कुत्री. "मागं बघू नको, चल," एवढंच म्हणाले. दोन हजार तीन साल. आई गेल्यावर आठवीतच माझी शाळा सुटली होती, आणि मुलगी कमी शिकलेली म्हणून बाजारपेठेतल्या कापडदुकानवाल्यांनी साखरपुडा मोडला होता. मला तो मुलगा मनापासून आवडला होता. आप्पांना माझी लाज वाटते, म्हणून असं लपवून नेताहेत, हे मी त्या गल्लीतच पक्कं करून टाकलं.

लंडनमधल्या स्टॅनमोरला आले ती तिथल्या एका मराठी घरी, डॉक्टरवहिनींच्या सासूबाईंना सांभाळायला. वहिनींनी पहिल्या दिवसापासून मला शेजारी बसवून जेवू घातलं, ते उपकार मोठे. तरी पोस्टमनने बेल वाजवली की अजून दार उघडायला बिचकते. इंग्रजीत काही चुकलं तर? हे आप्पांना कशाला सांगायचं, म्हणून रविवारी त्यांना फोन केला की माझं ठरलेलं वाक्य : "बरी आहे."

पाच वर्षं अशी गेली. मग एकदा वहिनींच्या मिथिलाने किचनमध्ये सीडी लावली. चौदा वर्षांची, इथेच जन्मलेली. गिटार, आणि एका पुरुषाचा रडवेला आवाज. पोळी लाटता लाटता मी विचारलं, काय म्हणतोय गं हा?

"कंट्री साँग आहे, ताई. त्याचा गर्लफ्रेंड दुसऱ्याशी लग्न करतो, सो तो टाऊन सोडून जातो. ट्रकमधून."

"घरच्यांनी अडवलं नाही?"

"साँगमध्ये घरचे नाहीयेत."

"मग बॅग कोणी भरली? वाटेत जेवला काय?"

"ओ माय गॉड, ताई! इट्स अ साँग!"

ती हसत सुटली. मला मात्र खरंच कळेना. एवढा मोठा गडी आपलं दुःख गावाच्या नावासकट गातो, पेट्रोलपंप, चर्च, तिचं घर, सगळं सांगतो. आमच्याकडे साखरपुडा मोडला तर दारं लावूनसुद्धा कोणी त्यावर बोललं नाही. मी ते गाणं चार वेळा लावायला लावलं. तो भर रस्त्याने, तिच्या दारावरून निघून जातो. मग मलाच का तसं जाऊ दिलं नाही?

रविवारी विचारलंच. "आप्पा, त्या दिवशी मागच्या गल्लीने का नेलंत? माझी लाज वाटत होती?"

"लाज? तुझी? अगं, बाजारपेठेत त्याच्या लग्नाचा मांडव घातला होता. बघितला असतास तर गाडीत चढली नसतीस. आणि मला तुला चढवायचंच होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आप्पाच म्हणाले, "आज हे कुठनं काढलंस?" मी गाणं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग तो पोचला कुठं?"

"ते नाही सांगत गाण्यात."

"हात्तिच्या, अर्ध्यातच सोडलं की!" मग म्हणाले, "तुझं तरी सांग. राहतीस ती खोली कशी हाय?"

त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. खिडकीतून शेजाऱ्यांचं सफरचंदाचं झाड दिसतं. भिंतीलगत खोली गरम ठेवणारा रेडिएटर आहे, त्याच्यावर मोजे वाळतात.

"घरात मोजे?"

"फरशी गार असते हो, आप्पा."

घर कराडला की स्टॅनमोरला, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्या रविवारी आप्पा पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. फोनकार्ड संपलं तेव्हा ते विचारत होते, झोपतेस तेव्हा डोकं कुठल्या भिंतीकडे असतं?