पाणी आलं का?

"पानी आलं का रं?"

सकाळी सहाला कंपाउंडच्या भिंतीवर आधी एक टक्कल उगवायचं, मग हा प्रश्न. आमच्या विश्रामबागेत सूर्य त्यानंतर उगवतो. शेजारच्या आबांना आणि आम्हाला पाणी एकाच पाइपातून येतं, त्यामुळे त्यांना आलं म्हणजे मला आलंच. तरी विचारायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल; नसेल तर तुमची झोप पुरी होत असेल.

आबा मूळचे कुंडलचे. तरुणपणी तालमीतली माती अंगाला लागलेली, ती अजून डोक्यातून निघालेली नाही. काकू गेल्यावर ते सहा महिने मुलाकडे कॅनडात राहून आले आणि दोन देशांची कुस्ती लावून स्वतः पंच होऊन बसले.

"फुटपाथ?" मी विचारायचो.

"कॅनडा. आपण चितपट. तिथं फुटपाथवर मानसं चालत्यात रं!"

"डॉक्टर?"

"गुडघ्यासाठी नंबर लावला. नंबर येईस्तवर गुडघा कटाळून आपला आपण बरा झाला. इंडिया."

"हवा?"

"हवा त्येंची. पर बाहीर पडायला मिळंल तवा! बरोबरीत सोडव."

तिकडे आबा रोज सकाळी न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून ठेवायचे. सून म्हणाली, "बाबा, इथे पाणी चोवीस तास असतं." आबा म्हणाले, "आज हाय. उद्याचं काय सांगावं?"

पुढचं सांगताना मात्र हसले नाहीत. "पानी कवाबी येतंय, म्हनून कुनी कुनाला इचारत न्हाई. शेजारी एक म्हातारा एकटाच ऱ्हातोय. जिता हाय का न्हाई, कसं कळायचं?"

मुलगा फोनवर मागे लागलेला : घर भाड्याने द्या, कायमचे इकडे या. आबा म्हणायचे, "बघू." या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे मुलगा सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांनी जाऊ नये असं मलाही वाटायचं. झोपेचं नुकसान धरूनसुद्धा.

मग एका सकाळी पाणी आलं आणि टक्कल आलं नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. फाटकाला कुलूप. मी भिंतीवरून उडी मारली. 'मारली' हा शब्द मोठा झाला. मी भिंतीवर चढलो, तिथे काही काळ राहिलो आणि पलीकडे पडलो. पँटचा बराचसा भाग भिंतीतल्या खिळ्याला राहिला.

आबा अंगणातल्या मोरीत घसरून पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं, शेजारी बादली भरून वाहतेय. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "आधी नळ बंद कर. मग खुंटीवरची लुंगी घे, नेस."

ॲम्ब्युलन्सची वाट पाहून शेवटी भाजीवाल्याचा टेंपो काढला. कोबीच्या पोत्याला टेकून, दात आवळून आबांनी निकाल दिला : "ॲम्ब्युलन्स, कॅनडा. उडी, आपली."

मुलगा धावत आला. आबांच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडला. तिथे कुस्ती संपली.

"मीच पाठ टेकली गड्या," मुलाबरोबर कॅनडाला निघताना आबा मला म्हणाले. "पर तिथं पडलो, तर उडी कोन मारनार?"

मी त्यांची बॅग गाडीत ठेवली.

सुरुवातीला रोज सकाळी सहाला फोन. तिकडे संध्याकाळ. "पानी आलं का रं?" मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. मी जरा रुसूनच विचारलं, "आबा, विसरलात काय?"

"न्हाई रं. त्या शेजारच्या म्हाताऱ्याला शिकीवलंय. रोज दार वाजीवतो आन इचारतो, 'पानी आला?' मी म्हनतो, आलं. मग मी त्येला इचारतो."

"आणि उडी?"

"मधी कुंपनच न्हाई. चालत यील."

"म्हणजे कॅनडा जिंकला?"

"लय घाई करू नगंस. बरोबरीत सोडव."

आबांच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. त्यांच्यासाठी बोअर मारलंय. काल सकाळी सहाला मीच भिंतीवर डोकं काढलं आणि विचारलं, "पाणी आलं का?"

त्यातल्या तरुणाने कानातला इअरफोन काढला. "आमच्याकडे चोवीस तास असतं, अंकल."

चांगलंच आहे की. मी भिंतीवरून हात फिरवला. खिळा अजून आहे.