शेजारच्या कपाटातली बंदूक

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारणीने न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून दिला होता. तिची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, दोघी सात वर्षांच्या. शाळा सुटली की माझी तिच्याकडेच असायची.

मार्चमधल्या एका दुपारी लेक तिकडून आली आणि दूध पिता पिता म्हणाली, "आई, देअर्स अ गन इन देअर क्लॉझेट. अ रिअल वन."

"खरी आहे हे तुला कसं कळलं?"

"इट्स हेवी."

मी तिला आधी हात धुवायला लावले. का, कोण जाणे. मग नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"भांडायला जाऊ नकोस," तो म्हणाला. "आपण इथे व्हिसावर आहोत. तिला तिकडे पाठवायचं नाही, विषय संपला."

पण त्यांची मुलगी त्याच घरात होती, आत्ता. मी लेकीचा हात धरला आणि कोट न घालताच निघाले.

शेजारीण हसत दारात आली. मी एका दमात सांगून टाकलं. "छे, ती कुलपात असते," म्हणत ती वर गेली. उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"भरलेली होती," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन शांतपणे म्हणाला, "कुलूप लावलंय. सॉरी. पण बंदूक घरातच राहील. तो माझा हक्क आहे."

मुली आमच्याकडे खेळू लागल्या. माझी धास्ती मात्र जाईना. लेकीला कुठेही पाठवण्याआधी मी विचारायचे, बंदूक आहे का? काही घरांतून पुन्हा बोलावणं आलंच नाही.

आमच्या मराठी मंडळींत याची चेष्टा व्हायची. गणपतीला एका रिटायर्ड डॉक्टर काकांकडे सगळे जमलो होतो, तेव्हा कुणीतरी हसत म्हणालं, "काकांना विचारलंस का?"

मी विचारलं. काकूंनी काकांकडे पाहिलं.

"आहे एक," काका म्हणाले. "बेसमेंटमध्ये. फार जुनी."

"कुलपात?"

"अगं, आता घरात लहान मूल कुठे आहे?"

सगळी मुलं खाली बेसमेंटमध्येच खेळत होती. मी उठून जिन्याकडे धावले. मागून काकाही येत होते, काकूंना बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे म्हणून विचारत.