सिल्लोडच्या डोंगराखाली अक्काची खोली

भाद्रपदात अक्काच्या शेतावर जायचं ठरलं, ते भाच्यानं गळ घातली म्हणून. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाली, मग दाजी गेले, आणि वर्षाच्या आतच तिनं सिल्लोडकडच्या शेतात एक खोली बांधायला काढली. "मावशी, आईला घेऊनच ये," भाचा म्हणाला. "गुडघे दुखतात तिचे. एकटीला काही झालं तर?" त्याचा आवाज इतका कातर झाला होता, की मी हो म्हटलं.

शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगाव रोडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाचं ओझं नाही. फुलंब्री मागं पडलं की दोन्हीकडं कपाशी आणि मका. सिल्लोडला चहा-भजी खाल्ली आणि गावापर्यंत शेअर रिक्षा मिळाली. पुढं डोंगराकडं जाणारी पायवाट काळ्या मातीची. पाऊस होऊन गेला असेल तर चपला हातात घ्या, नाहीतर मातीच त्या ठेवून घेते.

अक्का पदर खोचून भिंतीला शेणमातीचा गिलावा देत होती. खोली लहानच; भिंती दगडाच्या, वर कालच टाकलेले पत्रे. भोवती शेवग्याच्या फांद्या रोवलेल्या, त्यांना नुकते कोंब आलेले. हात धुऊन ती मला थेट बांधावर घेऊन गेली. तरोट्याची रानभाजी जून झाली होती, पण बोरीवर कर्टुल्याचे वेल चढले होते.

"वेल ओढू नको," ती म्हणाली. "खाली कंद असतो. तो राहिला तर पुढच्या साली पुन्हा येतंय."

तीन दगडांच्या चुलीवर कर्टुल्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी झाली. जेवताना मी भाच्याचा निरोप सांगितला. ती उठून ताटं विसळायला लागली.

दुपार कलली तसं वावटळीसारखं वारं सुटलं. आधी पत्रे थडथडले, मग दोन सुटून शेजारच्या मक्यात जाऊन पडले. ओला गिलावा पावसाच्या सरीनं ओघळला. वारं थांबल्यावर मी म्हटलं, "अक्का, आता तरी चल."

ती दगडावर बसली. "तिकडं सून मला कपसुद्धा धुऊ देत नाय. मायेनंच करते गं. पण खुर्चीत बसून बसून मी संपून चालले होते. इथं थकते, तर झोप लागते."



ती रात्र आम्ही गावात रशीदभाईंकडं काढली. पत्रे त्यांनीच बसवले होते. त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, गरम खिचडी वाढली. रशीदभाई मात्र खाली मान घालून बसले होते. "टीचर, हुक कमी पडले, माझंच चुकलं. सकाळी लावून देतो."

"उद्या मीपण वर चढते," अक्का म्हणाली.

"तुम्ही खालूनच हुकूम सोडा," भाभी म्हणाल्या. अक्का हसली. दाजी गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सकाळी शिडीवर मी चढले. रशीदभाई हुक आवळत होते, मी पत्रा दाबून धरला होता आणि अक्का खालून खरंच हुकूम सोडत होती. काम झाल्यावर मी भाच्याला फोन लावला. "ती येत नाहीये, आणि मीही आता तिला म्हणणार नाही. तूच रविवारी ये. बघ, मग बोल."

 तो म्हणाला, "बघतो."

घरी आले तेव्हा हात खरचटलेले होते आणि मनात धाकधूक होती. अजूनही आहे, गुडघे तर तेच आहेत ना. पण शमीमभाभी रोज सकाळी तिकडं चक्कर टाकतात, आणि अक्का फोन जवळ ठेवायला कबूल झाली आहे.

रविवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मी धास्तावूनच उचलला.

"मावशी, आज मुक्काम इथंच. आईनं वाफे खणायला लावले. अर्धेच झालेत, ती सोडायला तयार नाय."