उभ्या गाडीचा परण्या

सोलापुरात सनरूफची गाडी आणणारा पहिला माणूस मीच. माझ्याआधी कुणाकडे असलीच, तर त्यानं ती चोरून वापरली असणार. बटण दाबलं की छपरातली काच आधी मागच्या कडेनं बोटभर उचलते, आणि आत शिजलेली हवा अशी सुटते की वरून चाललेला कावळा दिशा बदलतो. आणखी दाबलं की मोटर काचेला रुळांवरून मागं नेते. कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात. माझा टॉवेलचा कारखाना एमआयडीसीत, त्यामुळे त्यांत कापसाचा तूस बसतो. मी तो स्वतः काढतो. एकेका खेपेला रुमालभर निघतो.

भाच्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी माझी, हे मुलगी पसंत पडायच्या आधीच ठरलं होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायची वेळ झाली. मारुतीच्या देवळापासून वाजतगाजत मांडवात जायचं. नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे दाजी, आले.

"पावणं, छप्पर उगडा. पोरगं वर हुबं ऱ्हाऊन जाईल. पोरीकडचं अक्कलकोटचं वऱ्हाड बघंल तरी!"

"उभा राहील की. पण तोवर गाडी हलणार नाही."

"आं? मग परण्या कशाचा?"

मुंडावळ्यांमागं भाच्याचं तोंड एवढंसं झालं. महिनाभर तो याच क्षणाची वाट बघत होता.

"दाजी, पेठेतल्या तारा बघा, फेट्याला लागतील. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक मारला, तर बरगड्या छपराच्या काठावर. बेल्ट बसणाऱ्याला असतो, उभं राहणाऱ्याला नाही."

"काच तर कुणी मदी आलं की आपसूक मागं जाती म्हनं!"

मी टॉवेलची गुंडाळी मधे धरून बटण दाबलं. काच टेकली आणि परत फिरली. बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आचाऱ्याकडून काकडी आणली, अगदी शेवटच्या फटीत धरली आणि बटण दाबूनच ठेवलं. या खेपेला काच मागं फिरलीच नाही, अर्धी काकडी सीटवर पडली. पेठेत अशी शांतता संचारबंदीतही नव्हती.

"टावेल तुमच्या कारखान्याचा म्हनून सोडला व्हय?" दाजी म्हणाले, पण हात मात्र खिशात घातले.

भाच्याकडे बघून मला सुचलं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत, तारांपासून लांब, गाडी लावली. छप्पर उघडलं, हँडब्रेक ओढला, गाडी बंद करून किल्ली खिशात घातली. "हं, आता राहा उभा!" आणि बँडला सांगितलं, "गाडी फिरणार नाही, तुम्ही फिरा."

सगळा परण्या गाडीभोवती फिरला! दाजी नाचले, अक्कलकोटच्या बायका नाचल्या, मारुतीही गाभाऱ्यातून वाकून बघत होता. मुलीची आजी ओरडली, "भाळ छंद ऐतरी!" म्हणजे लई झकास, हे कानडी न येणाऱ्यालाही कळलं.

मग भाचा खाली बसला. दाजींनी स्वतः त्याचा बेल्ट ओढून लावला, काच मिटेपर्यंत सगळ्यांचे हात मांडीवर ठेवून घेतले आणि मगच मला म्हणाले, "हां, मामा, चला आता."

फेट्याचा तुराही न हलवता मी नवरदेव मांडवात उतरवला.